रेस कारमध्ये ट्रान्सपॉन्डर आणि लॅप टायमर बसवताना: आधी जागा, मग वायर

टायमिंग शीटवर एखाद्या गाडीच्या निम्म्या फेऱ्या गायब असल्या की पहिला संशय ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे आपला नंबर सिग्नलने पाठवणाऱ्या छोट्या यंत्रावर, जातो. तो उघडून बघता येत नाही, म्हणून बदलून दुसरा लावतात आणि पुढच्या सेशनला पुन्हा तेच होतं. खरा दोष बहुधा दोन ठिकाणी असतो: यंत्र चुकीच्या जागी बसलेलं असतं, नाहीतर त्याला मिळणारी वीज मध्येच तुटत असते. दोन्हींचं मूळ कामाच्या उलट्या क्रमात आहे. गॅरेजमध्ये आधी फ्यूज बॉक्सजवळ एखादी मोकळी वायर सापडते आणि मग ती पोहोचेल तिथे यंत्र बसतं. इथे दिलेला क्रम याच्या नेमका उलट आहे.

गाडी गृहीत धरली आहे ती १२ व्होल्टची, स्टीलच्या बॉडीची टूरिंग कार: पोलो, एस्टीम, होंडा सिटी यांपैकी काहीही, रोल केज (आतला संरक्षक नळ्यांचा सांगाडा) आणि मास्टर कट-ऑफ (सगळी वीज एकदम तोडणारा मुख्य स्विच) बसवलेली. यंत्रं दोन. आयोजकांच्या निकालासाठी ट्रान्सपॉन्डर आणि ड्रायव्हरला फेरीची वेळ समोर दिसावी म्हणून जीपीएस लॅप टायमर. पहिल्याला खाली रस्ता दिसायला हवा, दुसऱ्याला वर आकाश. एकाच ब्रॅकेटवर दोन्ही बसवायचा मोह इथेच सोडा.

## टप्पा १: ड्रिल हातात घेण्याआधी

सगळ्यात आधी त्या स्पर्धेचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स (त्या स्पर्धेपुरते खास नियम) वाचा. ट्रान्सपॉन्डर कुठल्या बनावटीचा चालेल, तो स्वतःचा हवा की आयोजक देणार, गाडीत नेमका कुठे बसवायचा, हे क्लासप्रमाणे बदलू शकतं. नियमात जागा लिहिलेली नसेल तर चीफ स्क्रूटिनीयरला (गाड्या तपासणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याला) विचारा आणि मिळालेलं उत्तर लेखी ठेवा. पुण्या-कोल्हापुरातून ट्रेलरवर गाडी घालून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईला पोहोचल्यावर ब्रॅकेट हलवायची वेळ आली, तर ते काम पॅडॉकमध्ये (ट्रॅकजवळच्या गाड्या ठेवायच्या जागेत) उकिडवं बसून, घाईत आणि अर्धवटच होतं.

हातातलं यंत्र कोणत्या जातीचं आहे तेही आताच बघा. चार्जिंगचा ट्रान्सपॉन्डर होल्डरमध्ये अडकवतात, त्याला वायर नसते. डायरेक्ट पॉवरचा ट्रान्सपॉन्डर गाडीच्या विजेवर चालतो. तो कायमचा बसतो आणि पुढची बरीचशी वायरिंग त्याच्यासाठीच आहे. काही नवी मॉडेल्स वर्गणीवर चालतात. वर्गणी संपली की यंत्र चांगलं असूनही निरुपयोगी ठरतं, म्हणून संपण्याची तारीख शर्यतीच्या तारखेशी ताडून बघा.

यंत्रावर छापलेला नंबर एन्ट्री फॉर्मवरच्या नंबराशी आकडा-आकडा जुळवून घ्या. यंत्र बसवल्यानंतर तो नंबर दिसेनासा होतो, म्हणून आताच फोटो काढून ठेवा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचा ट्रान्सपॉन्डर बॉडीत कुठे दडलेला नाही ना, तेही शोधा. दोन ट्रान्सपॉन्डर जवळजवळ चालू असले तर एकमेकांच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करतात.

सामान: मल्टीमीटर, रॅचेटचं क्रिंपर (टर्मिनल वायरीवर दाबून बसवणारी पकड), ०.५ चौरस मिमीची लाल आणि काळी ऑटो वायर, ब्लेड फ्यूजचे दोन होल्डर, वॉटरप्रूफ दोन-पिन कनेक्टर, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची रिंग), पी-क्लिप (वायर धरून ठेवणारी क्लिप), नायलॉक नट (थरथरीने न सुटणारे). घराच्या वायरिंगमधून उरलेली वायर वापरू नका. इंजिन बेमधली उष्णता, तेल आणि सततची थरथर सोसण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

इशारा: गाडीवर वेल्डिंग बाकी असेल तर ते आधी संपवा. यंत्र बसल्यावर वेल्डिंग करावंच लागलं तर ट्रान्सपॉन्डर, लॅप टायमर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांचे कनेक्टर काढून ठेवा.

## टप्पा २: ट्रान्सपॉन्डरची जागा

स्टार्ट-फिनिश रेषेवर डांबरात खाच पाडून तारेचा लूप पुरलेला असतो. गाडी त्यावरून जाताना ट्रान्सपॉन्डर आपला नंबर सतत पाठवत असतो, लूप तो उचलतो आणि लूपला जोडलेला डिकोडर त्यावर वेळेचा शिक्का मारतो. म्हणजे वेळ नोंदते ती बंपरची नव्हे, ट्रान्सपॉन्डरची. ताशी १८० किमीला गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, हजारांश सेकंदात ५ सेंमी. एकाच क्लासमधल्या एका गाडीत यंत्र ३० सेंमी पुढे असेल तर शेवटच्या रेषेवर तिला सहा हजारांशांचा फुकट फायदा मिळतो. पुढच्या टोकापासूनच्या अंतराबद्दल स्क्रूटिनीयर कटकट करतात ती याचसाठी.

जागा निवडताना या क्रमाने जा.

पहिला प्रश्न, खाली काय आहे? यंत्र आणि रस्ता यांच्या मध्ये धातू किंवा कार्बन फायबर असता कामा नये. प्लास्टिक आणि फायबर ग्लास चालतं. स्टीलच्या फ्लोअरवर, प्रवाशाच्या सीटच्या जागी यंत्र बसवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. जागा प्रशस्त असते आणि वायर आखूड लागते हे खरं, पण खाली अखंड पत्रा आहे. कधीकधी सिग्नल फटींतून निसटतो आणि फेऱ्या नोंदतातही, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने लपून राहते. मग गर्दीच्या रेसमध्ये नेमकी फेरी गळते.

दुसरा, उंची. रस्त्यापासून ६० सेंमीपेक्षा वर नको, आणि तेही कमाल म्हणून. टूरिंग कारमध्ये गुडघ्याच्या खालचीच जागा शोधा.

तिसरा, दिशा. आतली कॉइल विशिष्ट दिशेनेच नीट काम करते, म्हणून यंत्र उभं ठेवायचं की आडवं हे सोबतच्या कागदावरच्या चित्राप्रमाणेच ठरवा. होल्डर नव्वद अंशांनी फिरवून बसवला तर एलईडी लुकलुकत राहते आणि सिग्नल मात्र दुबळा पडतो.

मग उष्णता आणि विजेचा गोंगाट: एक्झॉस्ट, टर्बो, इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी, अल्टरनेटर यांपासून जितकं दूर जमेल तितकं दूर.

एवढ्या चाळण्या लावल्या की हॅचबॅकमध्ये सहसा एकच चांगली जागा उरते: पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे, व्हील आर्चच्या प्लास्टिक लायनरच्या आतल्या बाजूला. खाली फक्त प्लास्टिक, रेडिएटरची गरम हवा नाही, आणि लायनर असल्याने दगड थेट लागत नाहीत. एक्झॉस्ट ज्या बाजूने जातो त्याच्या विरुद्ध बाजू घ्या. मागच्या बंपरच्या आतही जागा असते, पण तिथे सायलेन्सरची उष्णता आणि मागून बसणारे धक्के दोन्ही आहेत. नियम सांगत असेल तरच तिकडे जा.

फॉर्म्युला गाडीत बॉडी फायबर ग्लासची असते म्हणून निर्धास्त राहू नका. खालची पॅन अ‍ॅल्युमिनियमची असू शकते. यंत्राच्या बरोबर खाली पॅनला खिडकी कापून तिच्यावर पातळ प्लास्टिक रिव्हेट करता येतं. खिडकी यंत्रापेक्षा सगळ्या बाजूंनी मोठी हवी, आणि पॅनला हात लावण्याआधी स्क्रूटिनीयरची परवानगी.

तपासा: यंत्र नुसतं टेपने धरून ठेवा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, गाडी जॅकवर घेऊन सस्पेन्शन पूर्ण खाली सोडा, मग चाक वर दाबा. टायर, ड्राइव्ह शाफ्ट किंवा लायनर यंत्राला शिवत नाही याची खात्री झाल्यावरच खुणा करा.

## टप्पा ३: ब्रॅकेट

२ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा एल आकाराचा ब्रॅकेट पुरतो, मात्र तो यंत्राच्या बाजूला किंवा वर यावा, खाली नव्हे. छान वाकवलेली पट्टी यंत्राखालून नेली तर टप्पा २ मधली सगळी मेहनत वाया जाते. नायलॉक नट आणि मोठे वॉशर वापरा. डबल टेप, वेल्क्रो किंवा नुसता केबल टाय यांच्या भरवशावर यंत्र सोडू नका. होल्डर आणि पिनचा ट्रान्सपॉन्डर असेल तर पिन तर लावाच, शिवाय वरून एक केबल टाय घाला. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) पिन उडू शकते.

रोल केजला भोक पाडायचं नाही. होमोलोगेटेड (अधिकृत मान्यता मिळालेल्या) केजमध्ये कुठलाही बदल नियमबाह्य ठरतो आणि एका स्क्रूपायी अख्खी गाडी स्क्रूटिनीत अडकते. केजवर काही बसवायचंच असेल तर क्लॅम्प वापरा.

## टप्पा ४: वीज कुठून घ्यायची

वायरिंगचं खरं डोकं इथे लागतं. ट्रान्सपॉन्डरला वीज अशी हवी की गाडी ट्रॅकवर असताना ती कधीही जाणार नाही आणि मास्टर कट-ऑफ फिरवल्यावर नक्की जाईल. म्हणून फीड (वीज आणणारी वायर) घ्या मास्टर स्विचच्या बॅटरीकडच्या नव्हे, गाडीकडच्या टोकावरून, स्वतंत्र फ्यूज टाकून.

बाकीच्या लोकप्रिय जागा का टाळायच्या ते बघा. हेडलाइट किंवा फॅनच्या सर्किटला जोडलं तर ड्रायव्हरने ते बटण बंद केलं की नोंद बंद. इग्निशनच्या टॉगलला जोडलं तर गाडी स्पिन होऊन बंद पडल्यावर, पुन्हा स्टार्ट करताना, वीज तुटते. फ्युएल पंपाच्या वायरीला टॅप मारला तर एका यंत्राच्या शॉर्टपायी पंपाचा फ्यूज उडून गाडीच थांबते; टायमिंगसाठी कोणी एवढी किंमत मोजू नये. आणि थेट बॅटरीवर जोडलं तर मास्टर बंद केल्यावरही वायर जिवंत राहते. हे धोक्याचंही आहे आणि नियमातही बसत नाही.

फ्यूज स्रोताच्या जवळ, १५ ते २० सेंमीच्या आत. फ्यूज राखतो तो वायरीला; यंत्राजवळ लावलेला फ्यूज मधल्या दोन मीटर वायरीला काहीच संरक्षण देत नाही. ट्रान्सपॉन्डर अगदी थोडा करंट घेतो, त्याला १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज पुरे. लॅप टायमरला वेगळा, माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे. दोघांना एकच फ्यूज लावून वाचतात ते चार पैसे.

अर्थ, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, हा नेहमीचा दुर्लक्षित भाऊ. रंगावर, गंजावर किंवा इंजिन बेमधल्या हाताला लागेल त्या बोल्टवर काळी वायर अडकवू नका. ती बॅटरीच्या निगेटिव्हच्या मुख्य बॉडी पॉइंटपर्यंत न्या. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लग (वायरीच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) ठेवा, दातेरी वॉशर घाला, कसा, आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात द्या.

इशारा: पॅडॉकमध्ये बॅटरी उतरली की शेजारच्या ट्रकवरून जम्प स्टार्ट घ्यायची सवय असते. ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते. १२ व्होल्टसाठी बनलेलं कुठलंही यंत्र त्या झटक्यात जाऊ शकतं. मदत घ्यायचीच तर एकाच १२ व्होल्टच्या बॅटरीवरून.

## टप्पा ५: वायर ओढणे आणि टोकं बांधणे

१. आधी सुतळीने मार्ग आखा. सुतळी प्रत्यक्ष मार्गावर ठेवा, दोन्ही टोकांना एकेक वीत जास्त धरा आणि त्या मापाने वायर कापा. ताणून बसवलेली वायर पहिल्या धडकेतच निघते.

२. लाल आणि काळी वायर हलकी पीळ देऊन एकत्र न्या. इग्निशनच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा.

३. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून) जाताना मोकळं असलेलं ग्रोमेट शोधा. नवं भोक पाडलं तर कडा घासून त्यात ग्रोमेट बसवा आणि आग-धूर आत येऊ नये म्हणून उरलेली फट बंद करा.

४. स्लीव्ह टोक बांधण्याआधी वायरीवर चढवा. (हे वाचून हसू येतं, पण निम्मे जोड पुन्हा कापले जातात ते यामुळेच.)

५. इन्सुलेशन ५-६ मिमी सोला. एकही बारीक तार तुटली तर ते टोक कापून पुन्हा सोला. टर्मिनल वायरीच्या मापाचंच घ्या आणि रॅचेट क्रिंपरने दाबा. पकडीने चेपलेला लग बघायला बरा दिसतो, पण तो सुटतो.

६. प्रत्येक क्रिंप हाताने ओढून बघा. निघाला तर आत्ताच निघू दे.

सोल्डर की क्रिंप, हा वाद गॅरेजमध्ये कधी संपत नाही. माझं मत क्रिंपच्या बाजूचं. सोल्डर तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने वायर बरोबर त्याच्या कडेला तुटते. सोल्डर करणारच असाल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर पक्की बांधा.

यंत्राच्या स्वतःच्या वायरीचं टोक कापून थेट जोडू नका. मध्ये दोन-पिन कनेक्टर ठेवा, म्हणजे बंपर काढताना यंत्र सहज सुटतं. कनेक्टरआधी वायरीला खाली झुकणारा छोटा झोका द्या, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोक्याच्या तळाशी टपकेल. कोइम्बतूर-चेन्नईच्या पावसाळी रेसमध्ये याचा उपयोग कळतो. दर १५-२० सेंमीला पी-क्लिप लावा. ब्रेक पाइप आणि पेट्रोलच्या नळीला वायर कधीही बांधायची नाही.

रंगांच्या भरवशावर राहू नका. लाल आणि काळ्याखेरीज आणखी वायरी असतील तर त्या कशासाठी आहेत ते कागदात बघा. ज्यांची गरज नाही त्यांची टोकं एकेकटी स्लीव्हने बंद करा.

## टप्पा ६: यंत्र जोडण्याआधीची मोजणी

यंत्राचा कनेक्टर अजून उघडाच ठेवा. बॅटरी जोडा, फ्यूज घाला, मास्टर चालू करा आणि कनेक्टरच्या दोन पिनांवर मोजा. इंजिन बंद असताना बॅटरीइतकंच, म्हणजे साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट मिळायला हवं. प्रोब उलटे नाहीत ना ते बघा. आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तर पोलॅरिटी चुकली आहे. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. याहून बराच जास्त आकडा आला तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर आधी बघा, यंत्र नंतर जोडा.

आकडे पटले की यंत्र जोडा. आता फॅन, पंप, लाइट सगळं चालू ठेवून मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरा यंत्राच्या काळ्या वायरीवर धरा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे. मग वायरिंग हाताने हलवत राहा आणि एलईडीकडे लक्ष ठेवा. जिथे हलवल्यावर ती विझते तिथे दोष.

तपासा: इंजिन चालू असताना मास्टर कट-ऑफ फिरवा. इंजिनही बंद पडलं पाहिजे आणि यंत्राची एलईडीही. इंजिन थांबलं पण एलईडी जिवंत राहिली तर तुमचा फीड चुकीच्या बाजूला आहे किंवा कुठूनतरी वीज उलटी येते आहे. हे सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: जीपीएस लॅप टायमर

विजेचे नियम तेच, फीड मास्टरनंतरचा आणि फ्यूज स्वतंत्र. एक फरक: क्रँकिंगला (स्टार्टर इंजिन फिरवताना) बॅटरी ९-१० व्होल्टपर्यंत किंवा त्याखालीही येते आणि काही टायमर त्यात रीस्टार्ट होतात. आतली बॅटरी असलेला टायमर असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर इंजिन चालू करूनच टायमर सुरू करायची सवय लावा.

अँटेना छताच्या मध्यावर, बाहेरून, सर्वात उत्तम. डॅशवर काचेखाली चालतो, पण काचेवर धातूची फिल्म असेल तर नाही. केजच्या नळीला चिकटून नको. अ‍ॅक्शन कॅमेरा आणि रेडिओची अँटेना यांपासून लांब ठेवा. कॅमेरा चालू केल्यावर उपग्रहांची संख्या घसरते का, हे स्क्रीनवर प्रत्यक्ष बघता येतं.

आरपीएमची (इंजिनच्या वेगाची) वायर जोडायची असेल तर त्यासाठीच दिलेल्या इनपुटलाच जोडा. कॉइलच्या प्रायमरीवर क्षणभर काहीशे व्होल्टचा झटका येतो. दुसऱ्या कुठल्या सेन्सरच्या पिनवर ती वायर गेली तर टायमर कायमचा जातो.

ट्रॅकवर पोहोचल्यावर टायमर शेडखाली नव्हे, उघड्यावर चालू करा. लांबच्या प्रवासानंतर पहिल्यांदा उपग्रह पकडायला जास्त वेळ लागतो. फिनिश रेषा स्वतः टाकणार असाल तर तिची रुंदी बेताची ठेवा. छोट्या ट्रॅकवर शेजारून जाणारा दुसरा भाग तिच्यात आला की खोट्या फेऱ्या नोंदतात.

टायमरची आणि अधिकृत वेळ जुळत नाही म्हणून टायमिंग रूममध्ये जाऊन भांडू नका. १० हर्ट्झचा जीपीएस ताशी १८० किमीला दर ५ मीटरला एक बिंदू घेतो आणि मधली वेळ गणिताने काढतो. शिवाय तुमची रेषा आणि जमिनीतला लूप एकाच जागी असतील असं नाही. शतांशांचा फरक स्वाभाविक आहे. काही दशांशांचा फरक पडत असेल तर अँटेनाची जागा तपासा.

## टप्पा ८: ट्रॅकवरची पहिली फेरी

एलईडी लुकलुकते म्हणजे यंत्राला वीज मिळते आहे, एवढंच. लूप त्याला ऐकतो की नाही हे फक्त लूपवरून गेल्यावर कळतं. म्हणून पहिल्या प्रॅक्टिसनंतर कोणीतरी टायमिंग रूममध्ये जाऊन विचारावं: आमचा नंबर प्रत्येक फेरीला आला का, आणि सिग्नलची ताकद व हिट्स (एकदा वरून जाताना लूपने नंबर किती वेळा ऐकला) बाकीच्या गाड्यांइतके आहेत का? डिकोडर प्रत्येक पासिंगला हे दोन आकडे देतो. गर्दी नसताना नम्रपणे विचारलं तर लोक सांगतात; रेस सुरू व्हायच्या वेळी नाही.

आकड्यांवरून दोष असा ओळखा:

- एकही नोंद नाही: यंत्राला वीज नाही, नंबर चुकीचा भरलाय, किंवा वर्गणी संपली आहे.
- प्रत्येक फेरी आहे पण ताकद कमी: खाली धातू, जास्त उंची किंवा चुकीची दिशा. टप्पा २ कडे परत.
- ताकद चांगली, पण मधल्याच फेऱ्या गायब: वीज तुटते आहे. क्रिंप, अर्थ आणि फ्यूज होल्डरची पकड बघा.
- गाडी तापल्यावरच नोंदी गळतात: यंत्र किंवा एखादा जोड एक्झॉस्टच्या जवळ आहे.
- दुसऱ्या गाडीच्या नावावर तुमच्या वेळा: टायमिंग रूममध्ये नंबरांची अदलाबदल. यंत्र फोटोसह घेऊन जा.

चार्जिंगचा ट्रान्सपॉन्डर असेल तर रोज रात्री चार्जरवर ठेवा आणि सकाळी एलईडी किती वेळा लुकलुकते ते त्या मॉडेलच्या कागदाशी ताडून बघा. धडक झाली, बंपर निघाला किंवा गाडी पाण्यातून गेली की टप्पा ६ मधली मोजणी पुन्हा करा. आयोजकांनी दिलेला ट्रान्सपॉन्डर शेवटची रेस संपताच, गाडी ट्रेलरवर चढण्याआधी काढून परत द्या. गाडीला पट्टे बांधल्यावर बंपरच्या आत हात जात नाही.